खाटेलाही दार असतं

मोघे मॅडम प्लास्टिकच्या पुतळ्याजवळ जायच्या, तरी आधी खाटेच्या लोखंडी दांडीवर दोन टिचक्या मारायच्या. मग म्हणायच्या, "शांताबाई, मी मोघे. येऊ का?" आणि थोडं थांबायच्या, जणू शांताबाई आता हो म्हणणार आहेत.

शांताबाई म्हणजे आमच्या नर्सिंग कॉलेजातला शिकायचा पेशंट. मुली त्याला डमी म्हणत. नाव मॅडमनी ठेवलं होतं, कारण कितीही सुया टोचल्या तरी ही बाई कधी कुरकुर करत नाही. नव्या आलेल्या मुली पहिल्या दिवशी हे सगळं बघून तोंडावर ओढणी धरून हसायच्या. मॅडम त्यांना पोटभर हसू द्यायच्या. हसणं संपलं की विचारायच्या, घराला दार असतं, खोलीला दार असतं, पण वॉर्डात पडलेल्या माणसाकडे काय असतं? एक खाट. तेवढंच त्याचं घर. मग खाटेलाही दार असतं. वाजवल्याशिवाय आत जायचं नाही.

ग्वाल्हेरच्या त्या कॉलेजात मी मावशी होते. डेमोची खोली झाडायची, चादरी बदलायच्या, चहा करायचा. मुली मला मौसी म्हणत आणि मॅडम सुमनबाई. कॉलेजात मराठी बोलणारं मॅडमखेरीज फारसं कुणी नव्हतं, त्यामुळे त्या माझ्याशी बोलायला लागल्या की मुलींना वाटायचं आम्ही काहीतरी गुपित बोलतोय. गुपित कसलं, चादरीला नीळ जास्त झाली एवढंच असायचं. चौथीपर्यंत शिकलेल्या मराठीत त्यांच्याबद्दल लिहायला बसलेय. कुणाला दाखवायचं नाहीये, पण मॅडम विसरल्या जाऊ नयेत.

दिसायला त्या बारीक, उंच, थोड्या वाकलेल्या. पांढऱ्या साडीवर खांद्याजवळ उलटं घड्याळ टाचलेलं. हात नेहमी गार. म्हणून कुणालाही हात लावण्याआधी तळवे एकमेकांवर चोळायच्या. इतकी सवय झाली होती की चहाचा कप घेण्याआधीसुद्धा चोळायच्या, आणि मी मनात म्हणायची, कपाला गार लागत नाही हो मॅडम. एकदा त्यांच्या दौलतगंजच्या घरी पिशव्या पोचवायला गेले. कुलूप काढलं, दार ढकललं, आणि आत पाऊल टाकण्याआधी दारावर दोन टिचक्या. घरात कुणी नाही, एकट्याच राहायच्या. माझ्याकडे बघून हसल्या. म्हणाल्या, "भिंतींना कळलेलं बरं."

त्यांचे वडील पुरोहित होते. खासगी बाजारात राहायचे, घरोघरी श्राद्ध-पक्ष करायला जायचे. मुलगी नर्स होणार हे त्यांना आवडलं नव्हतं. ड्यूटीवरून आलं की अंगणातल्या नळाखाली पाय-हात धुऊन, कपडे बदलूनच आत यायचं. थंडीतसुद्धा. मॅडम हे हसून सांगायच्या. ग्वाल्हेरची जानेवारीतली थंडी आणि अंगणातला नळ, म्हणून हात गार पडले ते गारच राहिले म्हणे. वडलांवर राग नव्हता त्यांचा. उलट म्हणायच्या की त्यांच्याकडूनच शिकले, कुठलंही काम मुकाट्यानं करायचं नाही, तोंडानं म्हणत म्हणत करायचं.

व्हिडिओच्या धड्यांचं सगळं सुरू झालं ते शबाना नावाच्या मुलीमुळे.

लॉकडाऊनमध्ये मुली आपापल्या गावी होत्या. कुणी भिंडकडे, कुणी मुरैन्याकडे, कुणी दतियाला. फोनवर क्लास, फोनवरच परीक्षा. शबाना त्यात पहिली आली. मग कॉलेज उघडलं, मुली वॉर्डात गेल्या, मीही चादरींची गाठोडी घेऊन बरोबर होते. एका म्हाताऱ्या बाईंना कुशीवर वळवायचं होतं. शबाना खाटेच्या पायथ्याशी गेली आणि तिथंच उभी राहिली. पान पान लिहून काढलेलं सगळं तिला येत होतं, हात मात्र पुढे होईनात. मग एकदम पुढे झाली आणि म्हातारीचा दंड धरून ओढलाच. म्हातारी घाबरून ओरडली. शबाना तिच्यापेक्षा जास्त घाबरली.

मला वाटलं मॅडम आता बोलणार. परत येताना त्या तिच्या बरोबरीनं चालल्या आणि एवढंच म्हणाल्या, "ग़लती तुम्हारी नहीं है. फ़ोन पर हमने तुम्हें आदमी दिखाया ही नहीं. सिर्फ़ पन्ने दिखाए."

त्याच आठवड्यात त्यांनी ठरवलं, धडे पुन्हा करायचे. प्रत्येक कामाचा एक व्हिडिओ, खरं माणूस घेऊन, आणि मुलींबरोबर बसून. कारण मॅडमना मोबाइलवर फोटो काढता यायचा नाही. त्यांनी काढलेल्या प्रत्येक फोटोत एका कोपऱ्यात त्यांचा अंगठा असायचा. मुरैन्याची प्रीती म्हणायची, मॅडम, अंगूठा तो परमानेंट स्टाफ है.

काम करायची त्यांची पद्धत वेगळी होती. दुसऱ्या कुठल्या मॅडमनी ज्या मुलीला उत्तम येतं तिला पुढे केलं असतं. ह्यांनी सांगितलं, जी ज्या ठिकाणी अडली, तिनं तो धडा लिहायचा. वळवण्याचा धडा शबाना लिहील, बीपीचा धडा प्रीती लिहील, कारण तिला ठोके ऐकूच येत नव्हते. मुली म्हणाल्या, मॅडम हमें तो आता ही नहीं. मॅडम म्हणाल्या, मला हे यायला लागून फार वर्षं झाली, खड्डा कुठे आहे ते मी विसरले. तुम्ही आत्ताच पडलाय, तुम्हाला माहीत आहे.

आणि ज्या दिवशी जिच्या हातात मोबाइल, त्या दिवशी ती मॅडम. प्रीती म्हणाली, मॅडम थोडा लेफ़्ट, की मोघे मॅडम निमूट डावीकडे सरकायच्या. प्रीती म्हणाली, मॅडम आप बीच में आ रही हैं, की स्टुलावर जाऊन बसायच्या. खोलीत आवाज येतो म्हणून पंखे बंद करावे लागत. बाहेर इंदरगंजचा चौक, भोंगे थांबायचे नाहीत, त्यामुळे खिडक्याही बंद. मे महिन्यात त्या खोलीत मुली, मॅडम आणि मी अशा भाजून निघायचो की टेक संपला की सगळ्याजणी एकदम पंख्याच्या बटनाकडे धावायच्या.

खरं माणूस म्हणजे मी. शांताबाई हुं की चूं करत नाही, तिला थंडी वाजत नाही, तिचं अंग जड पडत नाही. मॅडमनी मला विचारलं तेव्हा मी मान खाली घातली. मला नाही म्हणता येत नव्हतं आणि हो तर मुळीच म्हणायचं नव्हतं. लोकांसमोर झोपायचं, फोनमध्ये दिसायचं. मॅडम थांबल्या. मग म्हणाल्या, तोंड दिसणार नाही. त्यांनी उशीच्या खालच्या बाजूला पांढरी चिकटपट्टी लावली आणि सगळ्या मुलींना बजावलं, कॅमेरा ह्या पट्टीच्या वर जाणार नाही.

एकदा गेला. बीपीचा धडा होता. प्रीतीला इतक्या दिवसांनी ठोके ऐकू आले आणि त्या आनंदात जी मुलगी मोबाइल धरून होती तिचा हात वर सरकला. टेक मात्र असा झाला होता की सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. मग बघितलं तर माझं तोंड. मुली म्हणाल्या, मौसी कितनी अच्छी आई हैं, रहने दो ना. दीक्षित सर, म्हणजे कॉम्प्युटरचं बघणारे तरुण सर, म्हणाले, चेहरा मी धुरकट करून देतो. मॅडमनी ऐकून घेतलं आणि उठून पंखा बंद केला. पुन्हा. सगळं पहिल्यापासून. मुलींनी कुरकुर केली तेव्हा म्हणाल्या, "ज़बान दी है." बस. मी पट्टीच्या खाली पडून राहिले. माझ्या डाव्या हातावर लहानपणी आजीनं गोंदवून घेतलेलं तुळशीवृंदावन आहे, तेवढं मात्र प्रत्येक व्हिडिओत आलं.

शबानाचा वळवण्याचा धडा घेताना तिचं सगळं बरोबर झालं. हात कुठे, गुडघा कुठे, उशी कुठे. मला जरासुद्धा दुखलं नाही. प्रीती म्हणाली ओके. मॅडम स्टुलावरून उठल्या आणि मला विचारलं, सुमनबाई, तुम्ही मुठी का आवळल्या होत्या? मला कळलंच नव्हतं मी आवळल्या होत्या. मी हळूच म्हटलं, हात कुठून येणार ते कळत नव्हतं.

मॅडमनी ते शबानाला हिंदीत सांगितलं. मग स्वतःची गोष्ट सांगितली. त्यांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. त्या स्वतः नर्स, सगळं माहीत होतं. पण टेबलावर पडल्यावर कुणीतरी काही न बोलता पोटावर गार स्पिरिट ओतलं. "टाँके का दर्द भूल गई," त्या म्हणाल्या, "वो ठंडा आज तक याद है."

तेव्हापासून धड्यांत एक ठरून गेलं. आधी खाटेच्या दांडीवर टिचकी. मग नाव. मग काय करणार ते, आणि मग थांबायचं. मॅडम सांगायच्या, सांगून झालं की एक श्वास थांबा. समोरच्याला उत्तर द्यायला जागा द्या. तो उत्तर देणार नसला तरी जागा द्या. शबानानं पुन्हा केलं. चाची, मैं शबाना हूँ, अब आपको खिड़की की तरफ़ करवट दिलाऊँगी. आणि थांबली. माझ्या मुठी उघड्या राहिल्या, हे मात्र मला त्या वेळी कळलं.

अडचण आली ती दीक्षित सरांकडून. ते काही वाईट नव्हते. रात्रंदिवस मुलींच्या व्हिडिओंची कापाकापी करायचे, त्याचे वेगळे पैसे कुणी देत नव्हतं. पण कॉलेज चालवणाऱ्यांची एक कमिटी होती, तिनं सांगून ठेवलं होतं की व्हिडिओ आखूड हवेत, फक्त कामाच्या पायऱ्या. गावात नेटवर्क नसतं, मुलींचा डेटा संपतो. हेही खोटं नव्हतं. कमिटी शेवटी सगळे धडे एकत्र बघणार, आणि तिनं मंजूर केल्यावरच ते मुलींच्या फोनवर जाणार.

एक दिवस मॅडमनी मोठ्या कॉम्प्युटरवर शबानाचा धडा बघितला. टिचकी नाही, चाची नाही, थांबणं तर नाहीच. थेट हात माझ्या खांद्यावर. दीक्षित सर समजावून सांगत होते, "मैडम, यहाँ तो कुछ हो ही नहीं रहा था. लड़की बस खड़ी है. मैंने टाइम बचा लिया."

मॅडमनी ट्रेमधला कापूस घेतला, माठातल्या पाण्यात बुडवला, आणि दीक्षित सर स्क्रीनकडे बघत होते तेव्हा त्यांच्या मानेवर ठेवला. सर खुर्चीतून असे उडाले की माऊस खाली लोंबायला लागला.

"कुछ नहीं सर," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पानी ही है. मैंने भी टाइम बचा लिया."

मुली हसून हसून भिंतीला टेकल्या. दीक्षित सरही हसले, मान पुसत. त्यांनी कापलेलं सगळं परत जोडलं. पण म्हणाले, मी जोडलं तरी कमिटी काढायला सांगेल, आणि तिनं सांगितलं तर मला काढावं लागेल. मॅडम म्हणाल्या, बघू.

त्या बघू म्हणाल्या खऱ्या, पण त्यानंतर त्यांचं हात चोळणं वाढलं. मार्चमध्ये त्या रिटायर होणार होत्या. त्यांच्यानंतर डेमोच्या खोलीत टिचकी मारून दाखवणारं कुणी नव्हतं. एकदा चादरीच्या घड्या करताना मला म्हणाल्या, "माझ्यामागे ह्या मुली पुढच्या मुलींना हेच धडे दाखवणार. त्यात ते वाक्य राहिलं तर राहिलं, सुमनबाई. नाहीतर माझ्याबरोबर घरी येईल."

थंडी आली. प्रीतीनं गावाहून तीळ-गुळाची गजक आणली. पंखे बंद ठेवायचा आता त्रास नव्हता. एकच धडा उरला, मृत्यूनंतरच्या सेवेचा. पेशंट गेला की त्याचे डोळे मिटायचे, हनुवटीखाली टॉवेल द्यायचा, हातपाय सरळ करायचे, अंग पुसायचं, मनगटाला नावाची पट्टी बांधायची, मग चादर. हा धडा कुणालाच लिहायचा नव्हता. शेवटी शबानानं लिहिला. तिनं वॉर्डात पहिला मृत्यू पाहिला तेव्हा ती पळून जिन्यात जाऊन बसली होती, त्यामुळे नियमानं तो तिच्याच वाट्याचा होता.

पण झोपणार कोण? दीक्षित सर म्हणाले, डमी कशासाठी आहे? मॅडमनी शांताबाईकडे नेऊन दाखवलं. शांताबाईचे डोळे रंगवलेले, उघडे. ते मिटत नाहीत. आणि पहिलं काम डोळे मिटण्याचं.

मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी हातातली बादली खाली ठेवली. आमच्याकडे लहान मूल नुसतं सरळ हात ठेवून झोपलं तरी त्याला कुशीवर करतात. कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, आणि मी तिथं मेल्यासारखी पडू? घरी कळलं तर काय. मॅडमनी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "सुमनबाई, आज तुम्हाला सुट्टी. हे धरा." आणि चष्मा काढून माझ्या हातात दिला. मग खांद्याजवळचं उलटं घड्याळ. मग चपला काढल्या आणि खाटेवर जाऊन झोपल्या.

दीक्षित सर म्हणाले, मैडम, अशुभ होता है. मॅडम पडल्या पडल्याच म्हणाल्या, "पुरोहित की बेटी मैं हूँ या आप?" मग प्रीतीला म्हणाल्या की उशीवरची पट्टी काढून टाक. आज तोंड दिसायला हवं.

मी दारात उभी राहिले. रोज मी ज्या खाटेवर असायची ती खाट पहिल्यांदाच बाहेरून बघत होते. मॅडम छताकडे बघत होत्या, डोळे उघडे, पापणी न हलवता. त्यांना ते कसं जमत होतं देव जाणे. आयुष्यभर पाहिलेलं असणार.

प्रीतीनं मोबाइल धरला. शबाना पुढे आली. ओठ घट्ट मिटलेले, डोळे भरलेले. काही न बोलता तिनं वाकून मॅडमच्या डोळ्यांकडे हात नेला.

"शबाना," मेलेल्या मॅडम छताकडे बघत म्हणाल्या, "दरवाज़ा."

प्रीतीच्या हातातला मोबाइल थरथरायला लागला. पहिली ती हसली, मग दीक्षित सर, मग रडणारी शबानाही नाक पुसत हसली. मॅडम मात्र हलल्या नाहीत. सगळ्यांचं हसून होईपर्यंत तशाच पडून राहिल्या. मग म्हणाल्या, चलो, फिर से.

ह्या वेळी शबानानं दांडीवर दोन टिचक्या मारल्या.

"मोघे मैडम, मैं शबाना हूँ. मैं आपकी आँखें बंद कर रही हूँ."

आणि थांबली. बाहेर चौकातला एक भोंगा वाजला आणि बंद झाला. मग तिनं तळवे एकमेकांवर चोळले. हे तिनं लिहिलेलं नव्हतं, मॅडमनी कधी धड्यात सांगितलंही नव्हतं. दोन बोटांनी तिनं मॅडमच्या पापण्या खाली घेतल्या. त्यानंतर प्रत्येक गोष्ट सांगून. अब आपका हाथ सीधा कर रही हूँ. अब चेहरा पोंछ रही हूँ. अब चादर दे रही हूँ, मैडम. आवाज कापत होता पण थांबला नाही. शेवटी चादर तोंडावर आली.

प्रीती ओके म्हणायला विसरली. चादरीखालून आवाज आला, "हो गया क्या?"

उठून बसल्यावर त्यांनी माझ्याकडे चष्म्यासाठी हात केला. मी घड्याळ आणि चष्मा दिला. त्यांचे हात त्या दिवशी गार नव्हते.

कमिटीनं धडे बघितले ते प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत. मी चहा घेऊन आत होते, म्हणून ऐकलं. तिघे जण होते. सगळे व्हिडिओ शांतपणे बघत होते, मध्ये मध्ये घड्याळ बघत होते. शेवटचा लागला आणि शबाना थांबते तिथे एक वयस्कर साहेब म्हणाले, ज़रा रोकिए. मग मॅडमना विचारलं, "ज़िंदा मरीज़ से बोलना मैं समझता हूँ. यहाँ किससे बात हो रही है?"

मॅडम मागच्या खुर्चीवर होत्या. उभ्या राहिल्या. मला वाटलं वॉर्डातल्या गोष्टी सांगतील. त्यांनी वडलांचं सांगितलं.

"सर, मेरे पिताजी पुरोहित थे. श्राद्ध में मरे हुए आदमी का नाम लेते थे, गोत्र लेते थे, और कहते थे, ये पानी आपके लिए है. बरसों पहले गए हुए आदमी से कहते थे. हमारा मरीज़ तो अभी-अभी गया है. उसका तो बिस्तर भी गरम है."

मी हातातला ट्रे टेबलावर ठेवला. साहेबांनी त्या थांबलेल्या चित्राकडे बघितलं. मग म्हणाले, भावना चांगली आहे, पण मुली इतकं लांब बघत नाहीत. ह्यातला आणि बाकीच्यांतलाही हा रिकामा भाग काढून टाका. ते दीक्षित सरांकडे वळून म्हणाले, "कितना टाइम लगेगा?"

मॅडम खाली बसल्या. हात चोळत नव्हत्या, मांडीवर नुसते ठेवले होते.

दीक्षित सर म्हणाले, "सर, वो निकल नहीं सकता."

"क्यों?"

"उसी पर सब जुड़ा है सर. निकालेंगे तो आगे का सब बिगड़ जाएगा."

साहेबांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नसावं. त्यांनी मान हलवली. अच्छा, तो रहने दीजिए. प्रिन्सिपल मॅडमनी चहा पुढे केला आणि गोष्ट तिथंच संपली.

बाहेर व्हरांड्यात मॅडमनी दीक्षित सरांना गाठलं. विचारलं, खरंच निघत नाही?

"दो मिनट का काम है, मैडम," सर म्हणाले आणि मानेवरून हात फिरवत निघून गेले.

त्यानंतर मुली पास होऊन गेल्या. शबाना दिल्लीकडे कुठल्याशा इस्पितळात आहे. मॅडम इंदूरला भाचीकडे राहायला गेल्या. अधूनमधून फोन येतो. उचलला की आधी विचारतात, "सुमनबाई, मोघे बोलतेय. आता बोलू का?" आणि थांबतात. माझ्याशी बोलण्यासाठी अशी वाट पाहणारं दुसरं कुणी नाही. मी बोला म्हणते, आणि मग आम्ही बोलतो तेही नीळ, हवा आणि गुडघे एवढंच.

मागच्या महिन्यात आमच्या ह्यांच्या आग्रहानं बीपी तपासायला दवाखान्यात गेले होते. मी पण आता घरीच असते. तिथं एक नवीन, कोवळी मुलगी होती. खाटेच्या दांडीवर तिनं टिचकी मारली. म्हणाली, आंटी, मैं नेहा हूँ, अब हाथ पर पट्टा बाँधूँगी, थोड़ा कसेगा. आणि थांबली. मी हूं म्हटलं. बाही वर केली तेव्हा तिला गोंदलेलं वृंदावन दिसलं. ती हातातला पट्टा तसाच धरून माझ्या तोंडाकडे बघायला लागली. "आप वो वीडियो वाली मौसी हैं?" मी मान खाली घातली. पण हसूही आलं.

घरी येताना मॅडम डोळ्यांसमोर होत्या, पण त्या खाटेवरच्या नाही. माझ्या मनात त्यांचं शेवटचं रूप त्यानंतरचं आहे, मार्चमधल्या त्या दिवसाचं. निरोपाचा कार्यक्रम झाला होता, हार झाले, फोटो झाले, मुलींचं रडून झालं. सगळे खाली रिक्षापाशी उभे होते आणि मॅडम कुठे दिसेनात. मी वर गेले. डेमोच्या खोलीचा पंखा बंद होता. मॅडम शांताबाईच्या खाटेजवळ उभ्या होत्या, गळ्यात झेंडूचा हार तसाच. मी दारातच थांबले.

त्यांनी तळवे चोळले. दांडीवर दोन टिचक्या मारल्या.

"शांताबाई, मी मोघे," त्या म्हणाल्या. "मी निघतेय."

आणि त्या रंगवलेल्या उघड्या डोळ्यांकडे बघत, नेहमीसारख्या, थोडं थांबल्या.